दीडशे गुणांचा चेंडू

छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालवली, की माणसाला एक खोड जडते. लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो पानातल्या जिलबीकडे न पाहता पाने किती मांडली ते मोजतो. कीर्तनाला गेला तरी बुवांच्या आवाजापेक्षा आरतीच्या तबकात पडणाऱ्या नाण्यांकडे त्याचे कान अधिक. आमची सौ. म्हणते, "तुम्हांला उद्या स्वर्गात नेले, तर अप्सरा नाचतात कशा हे बघायचे सोडून त्यांचा पगार कुठल्या खाती पडतो, हेच तुम्ही इंद्राला आधी विचाराल!" तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. इंद्राने योग्य ती व्हाउचरे दाखवली तर मग नाच पाहायलाही माझी हरकत नाही, एवढेच माझे म्हणणे.

अशा माणसासमोर एक जादूचा खेळ आला. गडी झाडूवर बसून आकाशात उडतात, चेंडू आपण होऊन अंगावर धावून येतात, खाली हजारो प्रेक्षक ओरडत असतात. पाहणारे सगळे त्या झाडूंकडे पाहत राहतात. मी गुणांच्या रकान्याकडे पाहत राहिलो. आणि त्या रकान्यात जे दिसले, त्याने माझ्यातला निवृत्त ऑडिटर खडबडून जागा झाला.

खेळाचे नाव क्विडिच. जे. के. रोलिंगबाईंनी हॅरी पॉटर नावाच्या एका चष्मेवाल्या पोराची गोष्ट लिहिली, तिचे पहिले पुस्तक १९९७ साली इंग्लंडात निघाले. त्यात हा खेळ आहे. गेल्या पंचवीस वर्षांत ज्या घरात एखादे मूल दहा-बारा वर्षांचे झाले असेल, त्या घराला हॅरी पॉटर कोण हे सांगायला नको. पण 'चांदोबा'वर वाढलेल्या माझ्यासारख्या आजोबांसाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला सात गडी. त्यांतले तिघे एक मोठा लाल चेंडू एकमेकांकडे फेकत पुढे नेतात आणि उंच खांबांवर बसवलेल्या तीन कड्यांपैकी एकीतून पार करतात. त्याचे दहा गुण. चौथा त्या कड्या राखतो. पाचव्या-सहाव्याच्या हाती दांडकी असतात; दोन दांडगट चेंडू गड्यांना झाडूवरून पाडायला टपलेले असतात, त्यांना टोलवण्याचे काम या दोघांचे. आणि सातवा? सातव्याने यातले काहीच करायचे नाही. त्याने वर उंच घिरट्या घालीत राहायचे आणि अक्रोडाएवढा, पंख फुटलेला, डोळ्यांना दिसला न दिसला असा एक सोनेरी चेंडू हुडकायचा. त्याला म्हणतात स्निच. तो मुठीत आला की दीडशे गुण, आणि सामना तिथेच खलास!

इथे मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. दीडशेच. म्हणजे खालच्या तिघांनी घाम गाळून, धक्के खाऊन, एकामागून एक चौदा गोल केले आणि समोरच्यांनी एकही केला नाही, तरी गुण १४०. आणि तेवढ्यात समोरच्या सातव्याने मूठ मिटली, की ते १५०. हा निकाल वाचून खालच्या सहाजणांनी उद्यापासून कामावर का यावे, हे मला कोणी समजावून सांगेल काय? बरे, तो चेंडू सापडेपर्यंत सामना संपत नाही. गोष्टीतल्या संघाचा कप्तान हॅरीला सांगतो की लांबलेल्या सामन्याचा विक्रम तीन महिन्यांचा आहे. गड्यांना झोप मिळावी म्हणून बदली माणसे आणावी लागली होती. आपल्या पाच दिवसांच्या कसोटी सामन्यांना रटाळ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

ज्या बाईंनी हा खेळ रचला त्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. २०१३ साली त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या एका प्रतीचा लंडनला लिलाव झाला. त्या प्रतीच्या समासात बाईंनी स्वतःच्या हाताने टिपा लिहिल्या होत्या. त्यांतल्या एका टिपेत त्यांनी सांगून टाकले आहे की मँचेस्टरच्या एका लहानशा हॉटेलात, त्या वेळच्या मित्राशी भांडण झाल्यावर, हा खेळ त्यांना सुचला. आणि या खेळाने पुरुषमंडळी भारी चिडतात, याचे त्यांना समाधानच वाटते! ती प्रत दीड लाख पौंडांना गेली. दीडचा आकडा काही बाईंची पाठ सोडीत नाही.

टीप वाचून माझा राग बराचसा उतरला. भांडण झालेल्या बाईने मांडलेल्या जमाखर्चात चूक काढू नये, एवढे शहाणपण मला संसाराने शिकवले आहे. आणि विचार केला तर गोष्टीच्या दृष्टीने त्या दीडशेत चूक नाहीच. गोष्टीला एक नायक लागतो. त्याने गर्दीतून वेगळे दिसावे लागते, आणि शेवटच्या पानावर सगळे त्याच्यावर अवलंबून असावे लागते. वाचकाचे डोळे ज्याच्यावर खिळवायचे, त्याच्याच मुठीत निकाल द्यायला हवा. रामायणात सेतू बांधणाऱ्या वानरांची हजेरी कोणी मागत नाही.

खरी पंचाईत झाली ती पुढे, हा खेळ कागदावरून उठून पडद्यावर खेळायला आला तेव्हा.

२००३ साली आमचा मुलगा कॉलेजात होता. घरातला संगणक बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याइतक्याच मानाने ठेवलेला. त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने 'हॅरी पॉटर : क्विडिच वर्ल्ड कप' नावाचा व्हिडिओ गेम काढला. चिरंजीव त्याची सीडी घेऊन आले आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात झाडू केवळ पडद्यावरच फिरला. मी पेपराआडून पाहत असे. आधी शाळेतल्या चार घरांचे आपसातले सामने, मग देशादेशांचे. इंग्लंड होते, फ्रान्स होते, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया, बल्गेरियासुद्धा होते. भारताचा संघ नव्हता. झाडूचा खप आपल्याकडे सर्वांत जास्त असूनही!

आता ज्यांनी तो गेम बनवला, त्यांची अडचण पाहा. ज्याच्या हाती खेळाची बटणे आहेत, त्या पोराला बसवायचे कुठे? सातव्याच्या झाडूवर बसवावे, तर बिचारा दहा मिनिटे नुसता आकाश न्याहाळीत राहणार आणि अकराव्या मिनिटाला पैसे परत मागणार. खालच्या तिघांत बसवावे, तर तो म्हणणार, माझ्या दहा-दहाला विचारतो कोण? पुस्तकात खपून गेलेला दीडशेचा आकडा इथे घशात हाडूक होऊन बसला. गोष्टीला नायक पुरतो. खेळाला गडी लागतात. आणि गड्याला आपल्या घामाची कुठेतरी नोंद होते आहे हे दिसल्याशिवाय तो खेळत नाही.

त्यांनी तोड काढली ती एखाद्या मुरलेल्या हिशेबनिसाला शोभेल अशी. पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी आखली. खालच्या गड्यांनी चेंडू नीट एकमेकांकडे पोचवला, समोरच्याचा हिसकावून घेतला, असे काही चांगले केले, की त्या पट्टीवर त्यांच्या बाजूचे सोने थोडे पुढे सरके. पट्टी भरली की मगच स्निचचा पाठलाग सुरू. आणि त्या पाठलागात ज्याच्या गड्यांनी पट्टीचा अधिक भाग भरला असेल, त्याच्या सातव्याला जोराची मुसंडी मारण्याची ताकद जास्त. दीडशे गुण होते तिथेच राहिले; पण ते मिळवण्याचे बळ मात्र खालच्या दहा-दहाच्या घामातून साठू लागले. मी पेपर खाली ठेवला आणि मुलाला म्हटले, "याला म्हणतात तरतूद!" त्याला वाटले मी अभ्यासाचे बोलतो आहे, त्याने मुकाट्याने संगणक बंद केला.

पुढे बरीच वर्षे हा खेळ आमच्या घरातून गेला, आणि जगातूनही काहीसा मागे पडला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच जादूच्या शाळेचा 'हॉगवर्ट्स लेगसी' नावाचा मोठा थोरला गेम निघाला. त्यात झाडूवर बसून डोंगरदऱ्यांवरून हवे तितके उडता येते, पण क्विडिच तेवढे नाही. कारण काय, तर आदल्या वर्षी कोणाला तरी दुखापत झाली, म्हणून हेडमास्तरांनी त्या वर्षीचे सामनेच रद्द केले! हे वाचून मी मनापासून हसलो. परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला देऊन टाकणारे हेडमास्तर जादूच्या शाळेतही असतात, हे कळून आपल्या शाळेविषयीची अढी थोडी कमी झाली.

मग ३ सप्टेंबर २०२४ ला 'क्विडिच चॅम्पियन्स' आला. आता बटणे आमच्या नातीच्या हाती होती. सुरुवात होते ती गोष्टीतल्या वीस्ली कुटुंबाच्या घरामागच्या अंगणात. घरातल्या घरात, आपसात झाडू उडवायचे. आपल्या चाळीच्या चौकातले क्रिकेट म्हणा ना. तिथून शाळेचे सामने, शाळाशाळांचे सामने आणि शेवटी विश्वचषक. मी नातीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि सवयीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "सोनेरी चेंडूचे किती?"

"तीस, आजोबा."

मी कान टवकारले. दीडशेचे तीस झाले होते! पुढे चौकशी केली तेव्हा कळले की एवढ्यावर भागलेले नाही. गडी सातांचे सहा केले. दांडकेवाला दोनांऐवजी एकच. चेंडू पकडला तरी सामना संपत नाही. पुढे चालूच राहतो आणि तो चेंडू पुन्हा बाहेर येतो. ज्याचे आधी शंभर होतील तो जिंकला, नाहीतर वेळ संपेल तेव्हा ज्याचे जास्त तो. शंभरात तीस म्हणजे तीन गोल. भरपूर आहेत, हेवा वाटावा इतके आहेत, पण सगळा खेळ पुसून टाकतील इतके नाहीत. आणि एकट्याने खेळणाऱ्याला सामना चालू असतानाच एका गड्यावरून दुसऱ्या गड्यावर जाता येते. आत्ता गोल करायला धावलो, आत्ता कड्या राखायला उभा राहिलो.

जुन्या वाचकांत काहीजण यावर नाराज झाले, आणि त्यांचे दुःख मी समजू शकतो. ज्या देवाला दीडशे नारळ फुटत होते, त्याला तीस फुटले तर भक्ताला वाईट वाटायचेच. पण मैदानावरच्या लोकांनी हाच शहाणपणा आधीच केला होता. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजच्या मुलांनी २००५ साली हा खेळ खराखुरा खेळायला घेतला. उडता तर येत नाही. म्हणून पायांत दांडा धरून पळायचे. सोनेरी चेंडूऐवजी पिवळ्या कपड्यातला एक चपळ माणूस, आणि त्याच्या कमरेमागे मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू. तो ओढून काढायचा. हा खेळ पुढे कितीतरी देशांत गेला, आणि २०२२ साली त्यांनी क्विडिच हे नावही सोडून 'क्वाडबॉल' हे नाव घेतले. पण दम लागेपर्यंत धावणाऱ्या माणसांना दीडशेचा हिशेब पटण्याजोगा नव्हता; त्यांनीही त्या पिवळ्या माणसाचे मोल तिसाच्या आसपास आणून ठेवले. ज्याला पायांनी धावावे लागते, त्याला गणित लवकर समजते.

खेळाचे नियम हा काही शिलालेख नव्हे. आमच्या लहानपणी हुतूतूत नुसता दम घोटून वेळ काढणारे महाभाग होते; २०१४ साली प्रो-कबड्डी आली आणि तिने ठरवले की दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. बसून राहण्याची सोयच काढून घेतली. पण मला विचाराल, तर सोनेरी चेंडूचे कोडे फार पूर्वी आपल्याच घरात सुटलेले आहे. कॅरमच्या बोर्डावर.

कॅरमची राणी आठवा. लालचुटुक, मधोमध बसलेली, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. आमच्या गिरगावच्या चाळीत गॅलरीत बोर्ड मांडला की धाकट्या भावाचे लक्ष पहिल्या फटक्यापासून राणीकडे. आमच्याकडे तेव्हा राणीचे पाच धरीत आणि एकोणतिसांचा गेम असे. आताच्या नियमांत राणीचे तीन आणि गेम पंचविसांचा. म्हणजे मान मोठा, पण मोल बेताचे. आणि दुसरा नियम त्याहून सुंदर : राणीला कव्हर लागते. राणी खिशात गेली तरी ती तुमची होत नाही. लगेच पाठोपाठ आपली एक साधी सोंगटी घ्यावी लागते. ती हुकली की राणी परत बोर्डावर. आणखी एक गोष्ट : राणी तुम्ही घेतली, कव्हरही दिले, पण समोरच्याने आपल्या सगळ्या सोंगट्या आधी संपवल्या, तर तुमच्या राणीचे गुण शून्य! हा नियम ज्याने कोणी केला असेल, त्याला माझा नमस्कार. त्याने खेळ केला आणि जाता जाता संसारही सांगून टाकला.

संसाराचे नाव निघाले ते उगीच नाही. एका संध्याकाळी नात खेळता खेळता म्हणाली, "आजोबा, पुस्तकात ना, तो चेंडू पकडला की सगळे त्यालाच खांद्यावर घेतात. ज्यांनी गोल केले त्यांना कोणीच घेत नाही." ती पुन्हा खेळाला लागली. मी मात्र पडद्याकडे पाहत असूनही तिथे नव्हतो.

२००८ साली आमची आई न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला. धाकटा भाऊ अमेरिकेत. तो मिळेल त्या विमानाने आला, ऑपरेशनचे सगळे बिल त्याने एकट्याने भरले, तीन आठवडे राहिला आणि आईला वॉकर धरून चार पावले टाकताना पाहून परत गेला. सगळी चाळ भारावून गेली. "मुलगा असावा तर असा," हे वाक्य मी त्या महिन्यात जिन्यात, वाण्याकडे, देवळात मिळून किती वेळा ऐकले याची गणती नाही. आणि ते खरेच होते. ती रक्कम त्या वेळी मला उभी करता आली नसती. सोनेरी चेंडू त्याने पकडला, आणि तो नेमका पकडायच्या वेळी पकडला.

आई त्यानंतर सहा वर्षे होती.

सहा वर्षे म्हणजे दोन हजारांवर रात्री. प्रत्येक रात्री सौ. दोनदा उठत असे, कधी तीनदा. पहाटेची गोळी, दुपारची पेज, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर काही तासांनी कूस बदलणे. संध्याकाळी केस विंचरून त्याच त्या लहानपणच्या गोष्टी नव्याने ऐकणे. माझ्या हिशेबाच्या वह्यांत त्या सहा वर्षांची पै न् पै आहे. औषधे आहेत, डॉक्टरांची फी आहे, रबरी चादर आहे, दुधाचा जादा अर्धा लिटर आहे. कूस बदलण्याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो. दहा, दहा, दहा, दहा... आणि या गोलांना टाळी वाजवायला प्रेक्षक नव्हते. तिला त्याचे काही वाटत असे का, हे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "भाऊजींनी बिल भरले नसते, तर मी कूस कोणाची बदलली असती?" ऑडिटराला असे उत्तर मिळाले की तो पेन खिशाला लावतो.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. त्या सहा वर्षांत रोज रात्री आठ वाजता आमच्याकडे फोन वाजत असे. तिकडे सकाळ, भाऊ कचेरीत पोचलेला असे. तो आईशी पाच मिनिटे बोले. काय जेवलीस, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, रोज तेच. साडेसातपासून आईचे डोळे घड्याळाकडे लागत, आणि फोन झाला की ती शांतपणे झोपी जाई. हे फोन चाळीत कोणाला ठाऊक नव्हते. लोक अजूनही त्याचे नाव काढतात ते बिलासाठीच. फोनसाठी त्याला कोणी कधी शाबासकी दिली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की दीडशेचा हिशेब खालच्या सहाजणांवर तर अन्याय करतोच, पण वरच्या सातव्यावरही करतो. त्याचे दीडशे मोजून झाले की त्याच्या दहा-दहाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. राणी घेतलेली सर्वांनी पाहिली. रोज रात्री आठाला दिलेले कव्हर कोणी पाहिले नाही.

रोलिंगबाईंना हे सारे ठाऊक असावे. २००० साली निघालेल्या त्यांच्या चौथ्या पुस्तकात क्विडिचच्या विश्वचषकाचा सामना आहे : आयर्लंड आणि बल्गेरिया. बल्गेरियाचा क्रम हा साऱ्या जगाचा लाडका गडी. सोनेरी चेंडू तोच पकडतो. आणि तरीही बल्गेरिया हरते! १७० विरुद्ध १६०. मी बेरीज मांडून पाहिली. १६० मधून दीडशे वजा केले तर बल्गेरियाचा गोल उरतो एक, आयर्लंडचे सतरा. सतरा वेळा कोणीतरी चेंडू नेला, कोणीतरी दिला, कोणीतरी वाट मोकळी केली. आपण हरणार हे माहीत असूनही क्रम चेंडू पकडतो, कारण आता अंतर भरून निघणार नाही हे त्याला दिसते आहे. खेळ मानाने संपवणे एवढेच त्याच्या हातात उरले आहे. ज्या बाईने दीडशेचा नियम केला, तिनेच त्या नियमाला सतरा गोलांनी हरवून दाखवले. भांडण मिटल्यानंतर लिहिलेले असावे!

२०२४ च्या दिवाळीत भाऊ आला होता. आता तोही निवृत्त झाला आहे. फराळानंतर नातीने त्याला खेळायला बसवले. दोघांना एकाच वेळी बसून खेळण्याची सोय नव्हती, म्हणून आळीपाळीने. पाहुण्याचा मान म्हणून ती म्हणाली, "काका आजोबा, तुम्ही सीकर व्हा. सोनेरी चेंडू तुम्ही पकडायचा."

भाऊ हसला. "नको ग. वर एकट्याने घिरट्या घालीत खालच्यांचा खेळ बघायचे काम मी चाळीस वर्षे केले. मला त्या कड्यांपाशी उभे कर. आपल्या माणसांत."

कोणी काही बोलले नाही. सौ. चकल्यांचा डबा घेऊन आली होती, तिने तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, राखायचे असेल तर आधी हा डबा राखा. या दोघांपासून." भाऊने तीन गोल अडवले, नऊ सोडले, आणि सामना आम्ही साफ हरलो. चकल्या मात्र त्याने चोख राखल्या. शेवटची चार त्याने स्वतःच संपवली.

या खेळातल्या चित्रांची, वेगाची, झाडूंच्या बनावटीची परीक्षणे जाणत्यांनी लिहिली आहेत. मी त्यात पडणार नाही. मला त्यात एवढेच दिसते की वीस-बावीस वर्षांत काही माणसांनी बसून एका गोष्टीतला गुणांचा तक्ता दोनदा सुधारला : आधी दीडशेला खालच्यांच्या घामाशी जोडले, मग त्याचे तीस केले. गोष्टीत एकाला खांद्यावर घेऊन भागते. खेळात सगळ्यांना उभे करावे लागते, आणि घर हे गोष्टीपेक्षा खेळाच्या जास्त जवळचे आहे. तुमच्याही घरी कोणीतरी कधीतरी सोनेरी चेंडू पकडला असेल. त्याचे कौतुक जरूर करा, ते त्याचे आहे. पण राणी कोणी घेतली हे साऱ्या चाळीला दिसते. कव्हर कोणकोणत्या हातांनी दिले, हे बोर्डाशेजारी बसून गुण मांडणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याने ते कुठेतरी लिहून ठेवावे. एवढ्यासाठीच हा प्रपंच.